सिलिकॉन की फ्यूज्ड सिलिका?

सूक्ष्म जायरोस्कोपचा (फिरणं मोजणाऱ्या चिमुकल्या उपकरणाचा) रेझोनेटर, म्हणजे त्यातला कंप पावणारा भाग, सिलिकॉनचा करावा की फ्यूज्ड सिलिकाचा (शुद्ध सिलिकाच्या काचेचा), असं एका विद्यार्थ्यानं विचारलं.

आधी उष्णतेची गळती. कंप पावताना रेझोनेटरची पट्टी वाकली की दाबलेली बाजू किंचित तापते, ताणलेली गार होते; मधे उष्णता वाहते आणि तेवढी ऊर्जा कायमची गेली. भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनर यांनी हे 1937 मध्येच मांडलं. नुकसान प्रसरणांकाच्या (तापमान एका अंशानं वाढलं की पदार्थ किती प्रमाणात लांबतो, त्या आकड्याच्या) वर्गावर ठरतं. सिलिकॉनचा अंशाला 2.6 पीपीएम (दशलक्षांश), सिलिकाचा जेमतेम 0.5. इथे सिलिका सरळ जिंकते. मात्र 10 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉन पट्टीत ही गळती साधारण दीड मेगाहर्ट्झच्या कंपन-वारंवारतेला शिगेला पोचते; त्यापासून लांब राहिलात तर सिलिकॉनही चालतं.

घडवायला सिलिकॉन सोपं. सिलिकाचं खोल कोरीवकाम म्हणजे डोकेदुखी.

मोबाइलसाठी सिलिकॉन घ्या, दिशादर्शनाच्या अचूक उपकरणासाठी सिलिका.