शिंजिराच्या घरट्यासाठी ८×४२ दुर्बीण : वापरल्यानंतरचा अभिप्राय

जांभळा शिंजीर नागपुरात दुर्मीळ नाही. धरमपेठ असो की प्रतापनगर, जिथे जास्वंद, मधुमालती किंवा पळस फुलतो तिथे चिमणीहूनही लहान असा हा पक्षी हमखास येतो, आणि पुष्कळ लोक त्याला हौसेने हमिंगबर्ड म्हणतात. खरे हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. त्यांच्यात पिल्लांचा सारा भार एकट्या मादीवर असतो. शिंजिरांमध्ये घरटे बांधणे आणि अंडी उबवणे हे मादीचे काम असले, तरी पिल्लांना भरवायला नरही येतो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या परसातील कण्हेरीला मादीने घरटे टांगले, तेव्हा हा संसार त्यांना त्रास न देता नीट पाहता यावा म्हणून सीताबर्डीतील एका दुकानातून ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची, दुर्बीण घेतली. दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या या प्रकारच्या दुर्बिणी अनेक कंपन्या बनवतात; हा अभिप्राय घरटे पाहण्याच्या कामापुरता आहे.

दुकानात १०×५० घेण्याचा आग्रह झाला, तो मानला नाही याचे समाधान आहे. दहापट मोठ्या चित्रात हाताचे कंपनही तितकेच मोठे दिसते, दृश्याची रुंदी कमी होते आणि वजन मानेला जाणवते. आठपट दुर्बिणीतून आठ मीटरवरचे घरटे एका मीटरवर असल्यासारखे दिसते आणि तरीही आजूबाजूची फांदी दृश्यात राहते, त्यामुळे पक्षी कोणत्या बाजूने येतो हे आधीच कळते. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला आठने भागले की ५.२५ मिलिमीटर हा आकडा येतो. डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत इतका जाड असल्यामुळे उजाडतानाच्या अंधुक प्रकाशातही चित्र स्वच्छ राहते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हे फार महत्त्वाचे आहे, कारण ऊन चढले की टिनाच्या छपरांवरून उठणाऱ्या गरम हवेने चित्र थरथरू लागते आणि त्यावर कितीही महागड्या भिंगाचा इलाज चालत नाही.

नुसत्या डोळ्यांना हे घरटे म्हणजे फांदीला अडकलेला कचरा वाटतो. दुर्बिणीतून त्याची घडण उलगडते: कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेले सालीचे आणि वाळल्या पानांचे तुकडे, त्यात चिकटलेले सुरवंटांच्या विष्ठेचे कण, बाजूला दार आणि दारावर पुढे आलेला छोटा छज्जा. अंडी उबवताना मादीची बाकदार चोच तेवढी दाराबाहेर दिसत असे. पुढे पिल्लांच्या उघड्या चोची दिसू लागल्या आणि मकरंदावर जगणारे हे पक्षी पिल्लांसाठी मात्र कोळी आणि अळ्या आणतात हे स्पष्ट पाहता आले. भरवून झाल्यावर मादी थोडी थांबते, पिल्लू मागे वळते आणि ती विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून दूर नेऊन टाकते. सारे काही क्षणांत उरकते, पण दुर्बीण आधीच घरट्यावर रोखलेली असेल तर त्यातले काहीही सुटत नाही.

नराच्या बाबतीत एक उणीव ठळकपणे जाणवली. तो मोकळ्या आकाशासमोरच्या फांदीवर बसला की त्याच्या काळपट शरीराभोवती जांभळी कड उमटते. हा भिंगाचा दोष आहे. शिंजिराची स्वतःची झळाळी अशी कडेला राहत नाही. प्रकाशाचा कोन जुळला की ती अंगभर चमकते आणि पक्ष्याने मान वळवताच मावळते. खुर्ची थोडी सरकवून पक्ष्यामागे भिंत किंवा पाने येतील असे बसल्यास कड जवळजवळ नाहीशी होते. भिंगांची झाकणेही सैल आहेत आणि वारंवार गळून पडतात.

चष्मा असणाऱ्यांनी नेत्रभिंगाचे रबरी कप आत फिरवून पूर्ण वर्तुळ दिसते की नाही हे दुकानातच पाहावे. डोळा आणि भिंग यांतील अंतराची सोय किमान १५ मिलिमीटर असावी. खिडकीच्या काचेतून किंवा डासांच्या जाळीतून पाहिल्यास चित्र धूसर होते, म्हणून खिडकी उघडून किंवा सरळ अंगणात बसून पाहावे. मोबाईलने फोटो काढण्यासाठी घरट्याजवळ जाणे, समोरची पाने छाटणे हे प्रकार मला अजिबात मान्य नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत मोडते, आणि माणसांची वर्दळ वाढली की पक्षी घरटे सोडूनही जातात.

अंगणातील घरट्यासाठी ही दुर्बीण मी निःसंकोच सुचवीन. अंबाझरी तलावावरील दूरच्या बदकांसाठी मात्र ती अपुरी पडते. तिथे तिपाईवर बसवलेला स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने पाहायची, अधिक मोठे दाखवणारी दुर्बीण) हवा.