गावातली ‘अनलिमिटेड’ फायबर जोडणी

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या केबलवाल्याची सेवा एरवी चांगली असून, पऱ्हाट्या भरलेल्या ट्रॅक्टरने तोडलेली तारही त्याने दुसऱ्याच दिवशी जोडून दिली. मात्र ‘अनलिमिटेड’ म्हणून विकलेल्या १०० एमबीपीएसच्या प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा आहे आणि पूर्ण वेगाने अखंड वापरल्यास ती जेमतेम तीन दिवसांत संपते, हे पावतीवर कुठेच नाही. घरगुती वापराला ती पुरून उरते, हे खरे. पण मोजणीत अपलोडही धरतात. गोठ्यावरचा कॅमेरा २ एमबीपीएसने रात्रंदिवस चित्रण पाठवीत राहिला, तर एकटाच महिन्याकाठी सुमारे साडेसहाशे जीबी खातो. रोजच्या वापराचा आकडा आणि मर्यादेनंतरचा वेग ग्राहकाला आधीच दाखवणार असाल, तर पैसे भरायला आमची ना नाही.