रबरी रँडचा स्प्रेडेक: पाणी आत येत नाही, पण पट्टी हाताला लागत नाही

पट्टीची शिवण उसवली म्हणून हे लिहायला घेतलंय. स्प्रेडेक म्हणजे कयाकच्या कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या भोकावर, ताणून बसवायचं निओप्रीन या रबरी कापडाचं झाकण. पट्टी म्हणजे स्प्रेडेकच्या पुढच्या टोकाची, बोट उलटल्यावर बाहेर पडण्यासाठी ओढायची ती. टनेलचं, म्हणजे डेकच्या कमरेभोवतीच्या भागाचं, माप, निओप्रीनची जाडी वगैरे दुकानाच्या पानावर आहेच.

आधी कुंडलिका नदी. मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला वीज करून खाली येतं, त्यामुळे कोलाडला उन्हाळ्यातही सकाळी बोट घालता येते. तिथल्या लाटा जोरदार पण मोकळ्या आहेत, डेकवर वरून पाणी कोसळत नाही. माझा जुना बंजीचा, म्हणजे कडेला लवचिक दोरी असलेला, डेक तिथे पुरत होता. नवा रबरी रँडचा, म्हणजे कडेला जाड रबर असलेला, लावताना मात्र जीव जायचा. मागची कड बसवून पुढे ओढावं, तर मागून निसटायचा. भिजवून घेतला की जरा सरळ वागतो. पहिले काही आठवडे एवढे पैसे, वर कस्टम ड्युटी, कशासाठी भरले असंच वाटत होतं.

जुलैत केरळात गेल्यावर मत बदललं. कोडंचेरीजवळची चालिप्पुळा नदी अरुंद आणि दगडांनी भरलेली आहे. एक उडी संपते न संपते तोच दुसरी, आणि प्रत्येक उडीखाली बोटीचं नाक पाण्यात जातं. सोबतच्या एकाचा बंजीचा डेक पाण्याच्या माराने आत दबला आणि बोट काठोकाठ भरली. भरलेली बोट वळवणं सोपं नाही, आणि पुढे दगड वाट बघत असतात. माझ्या बोटीत टनेलमधून झिरपलेलं ओंजळभर पाणी होतं, बस्स.

म्हणूनच पट्टीचा राग येतो. बंजीचा डेक गुडघ्याने रेटला तरी बऱ्याचदा सुटतो. रबरी रँड तसा सुटत नाही, तो पट्टी आधी पुढे आणि मग वर ओढली तरच सुटतो. रँड जितका घट्ट, तितकी पट्टी महत्त्वाची. आणि या डेकची पट्टी पातळ, मऊ, डेकला चिकटून पडणारी! डोकं खाली, पाणी गढूळ, हातात मोजे. कॉकपिटच्या कडेने चाचपत पुढे गेलं तरी बोटाला काही लागत नाही. एवढ्या महागड्या वस्तूत हे अक्षम्य आहे.

मग शिवणच उसवली. विक्रेत्याला फोटो पाठवले, मेल केले. उत्तर आलं: वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही. जिच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ती शिवण झिजते कशी? त्यावर उत्तर नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवलं, टाक्यांच्या भोकांवर रबर सोल्युशन लावलं. पट्टीत मी बागेच्या पाइपचा तुकडा ओवून घेतला. आता ती उभी राहते, मोज्यातही सापडते. काठावर बोटीत बसून पुन्हा पुन्हा जोरात ओढून पाहिली, मगच पाण्यात उतरलो. अजून टिकून आहे. डेक धुऊन सावलीतच वाळवा, उन्हाने निओप्रीन कडक होतं.

ओढ्यांवर जाणार असाल तर रबरी रँडच घ्या. पण घेण्याआधी मोजे घालून, डोळे मिटून पट्टी शोधून पाहा. बंजीचा डेक मी विकलेला नाही. कोलाडला कुणी नवखं सोबत आलं की त्याला तोच देतो.