एकाच गळतीचे तीनदा पैसे: आधी काच, मग सनरूफ, मग छत

चालकाशेजारच्या सीटपुढचा गालिचा दाबला की बोटांच्या फटीतून पाणी वर येत होतं. छताच्या अस्तरावर कोपऱ्यातून चहाच्या रंगाचा डाग पसरला होता आणि मागच्या सीटच्या डोक्यावर कापड झोळीसारखं लोंबत होतं. या गाडीच्या मालकाने तोवर तीन वेळा पैसे मोजले होते. एकदा पुढच्या काचेचे, एकदा सनरूफचे, एकदा छताचे. तिन्ही वेळा ‘आता काळजी नको’ असं सांगून गाडी हातात दिली गेली. पहिल्या कामातली चूक दुसऱ्याने झाकली आणि त्या झाकण्यातूनच तिसरं काम निघालं. काच बसली, अस्तर चढलं, की आत काय केलंय ते कुणाला दिसत नाही. फसवणूक तिथेच होते, म्हणून हे सगळं उलगडून लिहितो आहोत.

सुरुवात एका खड्याने झाली. पुढच्या काचेचा नाण्याहून लहान टवका उडाला होता. ‘आज ना उद्या तडा पळणार, काचच बदला, विमा आहेच की’ असा सल्ला मिळाला. खरं तर तो टवका भरता आला असता. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. खडा सहसा बाहेरचीच काच फोडतो. टवका २५ मिलिमीटरच्या आत असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल, आतल्या थरापर्यंत पोचला नसेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर आतली हवा ओढून घेऊन दाबाने रेझिन (पातळ, पारदर्शक राळ) भरतात, अतिनील दिव्याखाली ते कडक करतात आणि वरचा जादा थर ब्लेडने तासतात. तासाभराच्या आतलं काम आहे. बारीकशी खूण राहते, पण काचेची मजबुती बऱ्यापैकी परत येते आणि गाडी कंपनीतून निघताना काच जशी चिकटवलेली होती तशीच राहते. या शेवटच्या गोष्टीचं मोल फार आहे. टवका जुना होऊन त्यात धूळ आणि पाणी मुरलं की रेझिन नीट धरत नाही, म्हणून दुरुस्तीला नेईपर्यंत त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या एकेरी असतात, फुटल्या की त्यांचे दाणे होतात. तशा काचेतला तडा ‘भरून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघावं.

नवी काच बसली ती मूळ काचेच्या जोडीची नव्हती. मूळ काचेत आवाज अडवणारा पापुद्रा होता, बदललेली साधी निघाली. बिलावर मात्र ‘कंपनीची काच’. हे ओळखायला काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचावा. त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं. गोलातला ई आणि त्यापुढचा आकडा म्हणजे कोणत्या देशाने मान्यता दिली ते. ४३आर हा वाहनांच्या काचांचा आंतरराष्ट्रीय नियम. अमेरिकी पद्धतीच्या शिक्क्यात पुढच्या लॅमिनेटेड (पापुद्रा असलेल्या दुहेरी) काचेवर ‘एएस१’ असतं. ध्वनिरोधक काचेवर तसा शब्द किंवा कानाचं चिन्ह बऱ्याचदा असतं. काम सुरू होण्याआधी जुन्या काचेच्या शिक्क्याचा फोटो काढायचा, नवी काच खोक्यातून निघताना तिच्या शिक्क्याचा काढायचा आणि दोन्ही जोडून पाहायचे. दोन मिनिटं लागतात. काचेवर समोर आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल तर त्या काचेतला पापुद्रा पाचरीसारखा एका बाजूला जाड असतो. साधी काच लावली की प्रत्येक आकडा दोनदा दिसतो, आणि त्यावर काच पुन्हा बदलण्याखेरीज इलाज नाही.

आरशामागचा कॅमेरा जुन्या काचेवरून काढून नव्या काचेवर अडकवला होता. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवण्याचं काम, केलेलं नव्हतं, त्याचे पैसे मात्र बिलात होते. काच बदलली की कॅमेऱ्याचा कोन किंचित का होईना बदलतो आणि तेवढ्याने लांबवरच्या गाडीचा अंदाज चुकू शकतो. डॅशबोर्डवर दिवा पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. हे काम गाडीप्रमाणे ठराविक अंतरावर खुणेचे फलक उभे करून करतात किंवा स्कॅनर जोडून रस्त्यावर गाडी चालवून करतात. झाल्यावर यंत्र अहवाल देतं. अहवाल मागावा, नसेल तर त्या ओळीचे पैसे देऊ नयेत. पाऊस ओळखणारा सेन्सर काचेला जेलच्या पट्टीने चिकटलेला असतो. जुनीच पट्टी पुन्हा दाबली की मध्ये बुडबुडे राहतात आणि कोरड्या काचेवर वायपर आपोआप फिरू लागतात. या गाडीत तेही होत होतं.

आता गळतीच्या मुळाकडे. पुढची काच पीयू (पॉलियुरेथेन) चिकटद्रव्याने चौकटीला धरलेली असते. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ही काच भार घेते, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग वर उघडून काचेलाच टेकून फुगते. काच सुटली तर एअरबॅगला टेकायला जागा उरत नाही. चिकटवण्याच्या कामात चालढकल सहन करू नये ती यासाठी.

काम असं व्हायला हवं. काच कापून काढल्यावर चौकटीवरचा जुना पीयू खरवडून धातूपर्यंत न्यायचा नाही. १ ते २ मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, कारण ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवा पीयू सर्वांत घट्ट धरतो. ब्लेडने रंगावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर (चिकटद्रव्य धरावं म्हणून आधी लावायचा पातळ थर) लावून तो वाळू द्यायचा. नव्या काचेच्या कडेची काळी पट्टी साफ करून तिच्यावर काचेचा प्रायमर. मग पीयूच्या नळीच्या तोंडाला इंग्रजी व्हीसारखी खाच कापून पीयूची त्रिकोणी, उभी वादी सलग ओढायची. ती उभी असावी लागते, कारण काच बसताना दबून तिनेच दोन्हीकडची फट भरायची असते. वादीच्या दोन टोकांचा जोड खालच्या बाजूला, कोपऱ्यात कधीच नाही. वादी ओढली की काही मिनिटांत काच बसवायची, वर साय धरू द्यायची नाही.

या गाडीत काय केलं होतं ते काच पुन्हा कापली तेव्हा दिसलं. वरच्या कोपऱ्यात पीयू कापायची वायर लावायची गरजच पडली नाही. वादीचं टोक चिमटीत धरलं आणि ती काचेवरून हातभर सुटून आली, पाठ गुळगुळीत, चकचकीत, जणू मेणावरून काढलेली. नीट चिकटलेला पीयू असा सुटत नाही. तो मधूनच फाटतो आणि काळा थर दोन्ही बाजूंना राहतो. चकचकीत पाठ म्हणजे प्रायमर लावलेलाच नाही, किंवा काचेला हाताचं तेल लागलेलं होतं. चौकटीवर पीयू धातूपर्यंत खरवडला होता, ओरखडे तसेच सोडले होते आणि त्या रेषेवर गंजाची बारीक पुटं उठली होती. गंजावर काहीच धरत नाही, आणि गंज वादीखालून सरकत जातो. प्रायमरची बाटली उघडायला आणि वाळू द्यायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात ती वाचवण्यासाठी हे केलेलं होतं.

आणखी एक. गाडी काच बसल्यावर लगेच ताब्यात दिली होती. पीयू हवेतल्या ओलाव्याने कडक होतो. किती वेळाने गाडी चालवणं सुरक्षित ते नळीवर किंवा तिच्या पत्रकात लिहिलेलं असतं. काही प्रकारांना अर्धा तास पुरतो, काहींना कित्येक तास लागतात, थंड आणि कोरड्या हवेत जास्तच. त्या नळीचा फोटो मागा, मुदत संपल्याची तारीखही त्यावर असते. मुदत उलटलेला पीयू घट्ट होतो, नीट पसरत नाही आणि धरतही नाही. गाडी परत नेताना एक काच थोडी खाली ठेवावी, नाहीतर दार आपटल्यावर आत कोंडलेली हवा ताज्या वादीला बाहेर ढकलते.

पहिल्या पावसात पाणी आत आलं. गाडी परत नेली तेव्हा काच न काढता कडेने सिलिकॉनची नळी फिरवली गेली. हे पाहिलं की थांबवा. सिलिकॉनने काच धरून राहत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार धातूला गंज चढवतो. आणि एकदा सिलिकॉनचा तेलकट अंश चौकटीला लागला की त्या जागी पुढे पीयूही चिकटत नाही, म्हणजे नंतरच्या प्रामाणिक कारागिराचं कामही बिघडतं. पाणी थांबलं तर नाहीच, वरच्या कोपऱ्यातून, काचेच्या बाजूच्या छताला धरणाऱ्या खांबाच्या आतून उतरत राहिलं.

तेव्हा बोट सनरूफकडे दाखवलं गेलं. ‘रबर गेलंय, पाणी तिथून येतंय.’ मालकाला ते पटलं, कारण ओल छताच्याच कोपऱ्यात होती. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून काचेखाली पन्हळ केलेलं असतं, आणि त्याच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. पुढच्या नळ्या बहुतेक गाड्यांत दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत उघडतात, मागच्या नळ्या मागच्या चाकांच्या आसपास. पन्हळात फुलपात्राएवढं, २०० ते २५० मिलिलिटर पाणी एकेका कोपऱ्यात सावकाश ओता. काही क्षणांत ते त्या बाजूला जमिनीवर धारेने पडलं तर नळी मोकळी आहे. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही तर तुंबली आहे. ही तपासणी न करता कुणी ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ म्हणत असेल तर ते अंदाजाने बोलणं आहे.

तुंबलेली नळी मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळी करतात. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा मारायची नाही, कारण नळी वरच्या तोटीतून निसटते. मग पाणी थेट अस्तरावर पडतं आणि छत उतरवल्याशिवाय ती परत जोडता येत नाही.

या गाडीत नळ्या मोकळ्या होत्या. सनरूफमध्ये दोषच नव्हता. तरी रबराच्या कडेने आणि पन्हळाच्या पुढच्या कोपऱ्यात सिलिकॉन भरलं गेलं आणि नळीचं तोंड बुजलं. आता सनरूफचं पाणीही कडेवरून सांडून अस्तरात मुरू लागलं. शिवाय सिलिकॉनमुळे काच सरकताना अडकू लागली. अडथळा लागला की काच मागे फिरते, हात सापडू नये म्हणून केलेली सोय आहे ती. त्यावर ‘मोटर गेली’ असं सांगण्यात आलं. मोटर ठीक होती. रूळ साफ करून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस बारीक लावून, बटण पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने दाबून धरलं की बहुतेक यंत्रणा आपली जागा पुन्हा शिकून घेतात. वाऱ्याचा आवाज येत असेल तर आधी काचेची उंची पाहा. पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा जेमतेम १ मिलिमीटर खाली, मागची बरोबरीने किंवा तेवढीच वर, असं माप सर्रास असतं. कडेचे स्क्रू सैल करून ते जुळवता येतं.

छताचं काम सर्वांत वरवरचं होतं. अस्तर म्हणजे साच्यात घडवलेला कडक फळा, त्यावर पातळ फोम आणि फोमला जोडलेलं कापड. उष्णतेने आणि ओलीने फोमची भुकटी होते, म्हणून कापड लोंबतं. गोंद संपलेला नसतो, गोंदाने धरायचा फोमच संपलेला असतो. कापडाला भोकं पाडून सुईने गोंद सोडला तर तो भुकटीलाच चिकटतो आणि पहिल्या कडक उन्हात सुटतो. इथे तेच केलं होतं, वर जागोजागी पिना. नीट काम म्हणजे सन व्हायझर, हँडल, दिवे आणि खांबांची कव्हरं काढून फळा मागच्या दारातून न वाकवता बाहेर घ्यायचा, जुना फोम ब्रशने पूर्ण झाडायचा, फोमसह नवं कापड घ्यायचं, उष्णता सोसणारा स्प्रे गोंद दोन्ही बाजूंना मारून तो हाताला चिकट पण ओला न लागेपर्यंत थांबायचं आणि मधून कडांकडे दाबत न्यायचं. तुमच्यासमोर गाडीतच हे होऊ शकत नाही. कुणी तासात करून देतो म्हणाला तर तो पिनाच मारणार आहे.

बाजूची एअरबॅग छताच्या कडेला, अस्तर आणि खांबांच्या कव्हरांमागे घडी घालून ठेवलेली असते. तिथे पिन, स्टेपल किंवा गोंद जाता कामा नये. काम करण्याआधी बॅटरी काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायला हवं. पुढच्या खांबाच्या कव्हरची क्लिप बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायची असते, ती नवी घातली का ते बिलात पाहा. या गाडीत ती तुटकीच परत दाबली होती. एअरबॅग उघडताना असं कव्हर प्रवाशाच्या अंगावर उडू शकतं.

गळती शोधताना क्रम महत्त्वाचा. आधी खांबाचं कव्हर काढून आत एकजण टॉर्च घेऊन बसतो. बाहेरून नळाचं पाणी बिनदाबाचं, काचेच्या खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर नेतात, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं थांबून. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि सगळीकडून गळतंय असं वाटतं. काच आणि सनरूफ एकदम भिजवायचे नाहीत. या गाडीत काचेचा वरचा कोपरा भिजवल्यावर दुसऱ्याच मिनिटाला खांबात धार दिसली. ही तपासणी पहिल्याच तक्रारीला झाली असती तर पुढची दोन्ही बिलं झाली नसती.

गाडी दुरुस्त होऊन मिळाली तरी गालिचा नुसता वरून वाळवून चालत नाही. त्याखाली जाड फोम असतो आणि तो पाणी आठवडे धरून ठेवतो. सीट काढून गालिचा उचलायचा, फोम बाहेर काढून वाळवायचा, आणि जमिनीलगतच्या वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून आत हिरवट थर बसलाय का ते पाहायचं. सीटच्या एअरबॅगचा पिवळा कनेक्टर बहुतेक तिथेच असतो. या गाडीत त्याच्या एका पिनेवर हिरवा थर चढायला लागला होता.