बीसीजीचे सहा डोस: एका रंगाऱ्याचा रिव्ह्यू

सोलापुरात चादरींचं सूत रंगवायच्या डाईहाऊसमध्ये एकतीस वर्षं काढली. लघवी लाल झाली तेव्हा वाटलं, बीट खाल्लं असेल. दुर्बीण घातली तर लघवीच्या पिशवीत गाठ. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, विडी-सिगारेट ओढता का आणि काम काय करायचात. विडीला कधी हात लावला नाही. काम सांगितल्यावर ते नुसते ‘हं’ म्हणाले. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो हे जर्मनीतल्या एका सर्जननं १८९५ सालीच मांडलं होतं म्हणे. आम्हाला १९८८ साली साधे हातमोजे मिळत नव्हते.

गाठ दुर्बिणीतूनच खरवडून काढली. वरवरची होती, पण परत उगवणारी जात. म्हणून बीसीजी. होय, तीच, तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात ती टीबीची लस. इथं ती नळीनं थेट पिशवीत सोडतात, बाळाच्या डोसाच्या कितीतरी पट, आठवड्याला एकदा असे सहा आठवडे. शेजारच्या काकूंनी चिठ्ठी वाचली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत मला टीबी झाला होता.

सहाच का, हे मी विचारलं. १९७६ साली कॅनडात डॉ. मोरालेस यांनी नऊ पेशंटवर पहिल्यांदा हे करून दाखवलं, तेव्हा त्यांना मिळणाऱ्या लशीच्या खोक्यात सहा बाटल्या यायच्या. शिवाय एका डोसाचा त्रास आठवड्याच्या आत ओसरायचा. झाला हिशोब! जगभर अजून तोच चालतो. आमच्याकडं रंगाचं माप डब्याच्या झाकणानं घ्यायचे, त्यातलाच प्रकार.

आता डोसचा दिवस. सकाळपासून पाणी नाही, चहा नाही, म्हणजे लघवी कमी होऊन औषध पातळ होत नाही. सोलापूरचा मे महिना, तुम्हीच विचार करा. जेली लावून नळी घालतात. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटते, तीही दुसऱ्या खेपेला जाते. पन्नास मिली दुधट पाणी आत सोडतात आणि नळी काढतात. मग दोन तास धरून ठेवायचं. दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची: पाठीवर, डाव्या अंगावर, पोटावर, उजव्या अंगावर. सूत सगळीकडून सारखं रंगावं म्हणून लडी फिरवतात, तसा मी फिरत होतो. शेवटची वीस मिनिटं घड्याळाकडं बघू नका, एवढंच सांगतो. घरी आल्यावर सहा तास लघवी बसून करायची आणि दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी फ्लश करायचं, कारण त्या पाण्यात जिवंत जंतू असतात.

तक्रार एकच, आणि ती औषधाबद्दल नाही. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. तिसऱ्या आठवड्यात एका मेडिकलवाल्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. बाहेर त्रेचाळीस डिग्री! मी परत केली आणि दुसरीकडून घेतली. तेव्हापासून नातवाच्या टिफिनबॅगेत बर्फाचे पॅक घालूनच जातो. तुम्हीही घाला, लाजू नका.

तिसऱ्या डोसनंतर जळजळ, दर अर्ध्या तासाला धावपळ, रात्री अंगात कणकण. पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी बरं. ‘काका, ताप दोन दिवस उतरला नाही तर फोन करायचा, वाट बघायची नाही,’ असं सिस्टरनी बजावलं होतं.

मधेच पुण्याहून पुतण्याचा फोन. ‘काका, जुन्यापान्या लशीवर काय बसलात? आता पेप्टाइडची लस निघालीय, पर्सनल.’ डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते मला आमच्या भाषेत असं कळलं: पेप्टाइड म्हणजे रंगाच्या नमुन्यांच्या शेडकार्डावरचा तुकडा. कॅन्सरच्या प्रथिनाचा छोटा नमुना शरीराच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा, की या शेडचं दिसलं की धर. पण प्रत्येकाच्या गाठीची शेड वेगळी. वर तोच रंग सुताला एक बसतो आणि रेशमाला एक, तसा एकाच्या पेशी जो तुकडा नीट दाखवतात तो दुसऱ्याच्या दाखवतीलच असं नाही. बीसीजी असलं काही बघत नाही. ती आत जाऊन चोर-चोर म्हणून बोंब ठोकते, गाव गोळा होतं आणि त्या मारात कॅन्सरच्या पेशीही सापडतात.

पेप्टाइडवाल्यांनाही हिणवायचं नाही. २००४ साली अमेरिकेत ४४० पेशंटचा हिशोब निघाला होता; पेप्टाइडसकट नाना तऱ्हेच्या कॅन्सर लशी दिल्या आणि गाठ आकसली शंभरात जेमतेम तिघांची. मग २०१७ साली बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेत मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, सहा जणांना ऑपरेशननंतर स्वतःच्या गाठीवरून बेतलेली, वीसपर्यंत पेप्टाइडची लस दिली. चौघांचा कॅन्सर दोन वर्षांनंतरही परतला नव्हता. दोघांचा आला, तो इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या, दुसऱ्या औषधानं गेला. चांगलंच आहे की. पण माणसं सहा.

तरी पुतण्याच्या समाधानासाठी ‘पर्सनल लस’ विकणाऱ्या एका ठिकाणी फोन लावला. नाव लिहीत नाही. आकडा लाखांत, निम्मे आगाऊ. ‘माझ्यासारख्या किती जणांना दिली? किती जणांना गुण आला?’ ‘सर, रिझल्ट पेशंटवर डिपेंड असतो. या आठवड्यात बुक केलं तर डिस्काउंट आहे.’ असलं रंग विकणारा व्यापारीसुद्धा बोलत नाही, तो निदान दोरा बुडवून दाखवतो. एक स्टार, तोही पहिल्या रिंगला फोन उचलल्याबद्दल.

बीसीजीला पाचपैकी चार. एक कापला तो त्या दोन तासांसाठी.

सहा डोस झाल्यावर परत दुर्बीण घातली, पिशवी साफ निघाली. आता पुढचे तीन डोस गणपतीच्या आसपास. तोवर ब्लीचिंग पावडरचा डबा संडासातून हलवायचा नाही असं बायकोनं नातवाला सांगून ठेवलंय.