जुन्या सायगॉनच्या फोटोंचा संच: काळापांढरा घ्या, रंगीत नको

व्हिएतनाममधल्या सायगॉन शहराच्या जुन्या फोटोंचे दोन संच ऑनलाइन मागवले, एक काळापांढरा आणि एक रंगीत. किंमत सारखीच, प्रत्येकी साडेसातशे. काळापांढरा ठेवला, रंगीत परत केला.

सोलापुरात नवी पेठेत आमचा स्टुडिओ होता. निगेटिव्हवर पेन्सिलने रीटचिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे प्रिंट हातात आली की नजर आधी सावलीकडे जाते. या प्रिंट मॅट कागदावर आहेत. काळा रंग गडद उतरलाय, तरी सावलीतला तपशील बुजलेला नाही. तिथल्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, भिंतीतली विटांची ओळ न् ओळ दिसते. एकदोन फोटो मात्र पोस्टकार्डावरून मोठे केलेत, छपाईचे ठिपके लगेच कळतात. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं.

सगळ्यात जुने फोटो एमिल ग्सेलच्या काळातले. हा फ्रेंच माणूस 1866 च्या सुमारास सायगॉनमध्ये स्टुडिओ थाटून बसला होता. त्यातले रस्ते ओस दिसतात. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, गावात माणसंच नव्हती का?’ अगं होती की! काचेवरचं रसायन ओलं आहे तोवर सगळं उरकायचं, आणि लेन्स काही सेकंद उघडी ठेवायची. चालणारा पुसला जातो, उभा असलेला तेवढा राहतो.

मला सर्वांत आवडला तो शार्नर कालव्याचा फोटो. भर गावात पाणी, त्यात होड्या, दोन्ही काठांनी दुकानं. 1887 मध्ये हा कालवा बुजवला. आजचा रुंद न्गुयेन ह्युए रस्ता त्याच्यावरच आहे. त्याच्या टोकाला फ्रेंचांनी 1902 ते 1908 मध्ये बांधलेला टाउन हॉल. त्यावरची नक्षीची हौस बघून आपल्या सोलापूर महापालिकेची इमारत, इंद्रभुवन, आठवली.

फोटोंच्या मागचा मजकूर मात्र बेफिकीर. कॅथेड्रलमागे 1905 छापलंय, पण मनोऱ्यांवर टोकदार कळसच नाहीत! इमारत 1880 ला पुरी झाली, कळस 1895 ला चढले, म्हणजे फोटो त्याआधीचा. पोस्ट ऑफिस आयफेल टॉवरवाल्या आयफेलच्या नावावर टाकलंय. हा गैरसमज सगळीकडेच आहे. आराखडा आल्फ्रेद फुलूचा. तेव्हा साल छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, फोटोत काय दिसतंय ते बघा.

आता रंगीत संच. रंग कॉम्प्युटरने भरलेत, आणि कॅथेड्रल चक्क मलईच्या रंगाचं केलंय. त्या विटा मार्सेयहून आणलेल्या, लालभडक, वर गिलावा नाही. रस्त्यावरच्या सगळ्यांचे कपडे एकाच तपकिरी रंगाचे. आम्ही हाताने रंग भरायचो तेव्हा गिऱ्हाइकाला लुगड्याचा रंग विचारून वहीत टिपून ठेवायचो. काठ चुकला तर बाई फोटो घेत नसे, आणि बरोबरच होतं तिचं.

पॅकिंग चांगलं होतं, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा. परत केलेल्या संचाचे पैसे विनातक्रार आले. फ्रेम करणार असाल तर फोटो थेट काचेला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. दमटपणात चिकटला की सुटत नाही. आणि आपल्याकडचं ऊन बघता पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा.