जुन्या डिस्कच्या जागी काय बसवावे: नवी हार्ड डिस्क की एसएसडी?

नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरचा संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागू लागली आणि कॅबिनेटला कान लावल्यावर आतून टकटक ऐकू येऊ लागली, तेव्हा आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी तार, बदलून पाहिली. परंतु स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदींत) 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांचा, आकडा रोज वाढताना दिसल्याने डिस्कच जात आहे हे स्पष्ट झाले. अशा वेळी दुरुस्तीच्या नादी न लागता प्रथम फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते, तर साटा एसएसडी (चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क) सुमारे ५५० एमबी. पण खरा फरक विखुरलेल्या लहान फायली वाचताना जाणवतो, कारण एसएसडीत फिरणारी तबकडी आणि सरकणारे हेड नसते. म्हणून विंडोज एसएसडीवरच असावे, असे माझे ठाम मत आहे. लग्नाच्या व्हिडिओंसारख्या मोठ्या साठ्याला मात्र हार्ड डिस्कच स्वस्त पडते. शिवाय विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतील डेटा नष्ट होऊ शकतो. एसएसडी पुष्कळदा कोणताही आवाज न करता अचानक बंद पडते, त्यामुळे तिचा बॅकअप अधिक काटेकोरपणे घ्यावा लागतो.